चुनेगच्ची

चुना, वाळू आणि विटांची भुकटी यांच्या मिश्रणात केलेले पक्के बांधकाम. महाराष्ट्रातील कितीतरी किल्ले, वाडे, मंदिरे व घाट असेच बांधलेले आहेत. विसाव्या शतकात ही विद्या मोडीत निघाली. जुन्या वास्तूंच्या डागडुजीसाठी ती आता नव्याने शिकावी लागते आहे.

चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की कर्बवायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. पाणी पडताच तो सळसळून तापतो आणि फुलतो. विझलेला चुना मुरवत ठेवून मग वाळू व विटांच्या भुकटीसह चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरणाऱ्या गोल चरात, मळतात. घाणीचे दगडी चाक अनेक गडांवर अजून पडलेले दिसते. गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद, मेथी यांची भर प्रांतोप्रांती निराळी. भिंतीत गेलेला चुना हवेतला कर्बवायू परत शोषून सावकाश दगडासारखा होतो.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट 1824 चे. पोरबंदरच्या कारखान्यात ते 1914 मध्ये तयार होऊ लागले. झटपट घट्ट होणाऱ्या या मालापुढे चुन्याचा संथपणा ठेकेदारीला परवडेना. घाणी थांबली आणि गवंड्यांच्या पुढच्या पिढीच्या हाताला चुना लागलाच नाही. मग जुन्या भिंतींच्या दरजाही सिमेंटने भरल्या गेल्या. त्याचे दुष्परिणाम गंभीर आहेत: ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, क्षार दगडात साचतात, आणि दरज शाबूत राहून दगडच झडतो.

ही विद्या पुन्हा शिकताना घटक शोधणे तुलनेने सोपे. जुना गिलावा प्रयोगशाळेत तपासता येतो. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू आहेत, हे असेच समजले. अवघड आहे ती हाताची पारख. थापी उलटी केली तरी माल चिकटून राहतो का, कोणत्या घडीला गिलावा पुन्हा दाबावा म्हणजे तडे मिटतील, हे कागदावरच्या प्रमाणातून कळत नाही. शिवाय जागोजागची चुनखडी आणि वाळू वेगळी. इंग्लंडमधील वेल्स कॅथीड्रलवर 1970 नंतरच्या दशकात संवर्धक रॉबर्ट बेकर यांनी चुन्याची पद्धत पुन्हा बसवली, तीही प्रत्यक्ष कामावरच.

रायगड, राजगडासह 12 किल्ले 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आले, त्यामुळे अशा हातांची गरज वाढणार. सह्याद्रीच्या मुसळधार पावसात चुनाकाम होत नाही आणि उन्हाळ्यात ते ओल्या गोणपाटाखाली जपावे लागते. म्हणून निविदेतच चुना मुरवण्याचे महिने धरले पाहिजेत आणि जाणत्या गवंड्याबरोबर शिकाऊ हातांचीही मजुरी मांडली पाहिजे.