विकत घेतलेल्या यंत्राचा धनी कोण?



संगणकाच्या इतिहासावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस का उभा राहिला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. संगणकही मी तिथेच शिकलो. परंतु यंत्र आले की हुकूम कोणाचा चालतो, हे पाहण्याची सवय आम्हा लोकांना असते. तेवढ्याच अधिकारावर मी बोलणार आहे.

आरंभ करतो सप्टेंबर १९८३ पासून. त्या महिन्याच्या ८ तारखेला बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांच्यात यांत्रिकीकरणासंबंधी करार झाला. यंत्रांना मर्यादा किती आणि नोकऱ्या सुरक्षित कशा राहतील, हा त्यातला आमचा आग्रह. त्याच महिन्याच्या २७ तारखेला, तिकडे अमेरिकेत, एमआयटीच्या प्रयोगशाळेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ नावाची योजना जाहीर केली. एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची आणि ती सर्वांना वापरण्यास, तपासण्यास व बदलण्यास मोकळी ठेवायची, हा त्यांचा संकल्प. आमच्या चळवळीने विचारले, यंत्र किती माणसांचा घास घेईल? त्यांनी विचारले, यंत्र कोणाचे ऐकेल? दोन्ही प्रश्न रास्त होते. पण दुसरा आम्हाला सुचला नाही, हे आज कबूल केले पाहिजे.

स्टॉलमन यांना तो सुचला एका प्रिंटरमुळे. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सर्वांना सूचना जावी, अशी सोय त्यांनी स्वतः करून ठेवली होती. पुढे झेरॉक्स कंपनीचा नवा प्रिंटर आला. त्याची मूळ आज्ञावली काही मिळेना. कागद अडकतच राहिला, आणि दुरुस्तीची अक्कल असलेला माणूस हात बांधून बसला.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, ते गिरणीच्या भाषेत सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत कामगार आणि व्यवस्थापक यांच्या मध्ये जॉबर असे. कोणाला कामावर घ्यायचे, कोणत्या साच्यावर उभे करायचे, हे त्याच्या हाती. संगणकात हेच काम विंडोज, लिनक्स अशा प्रणाली करतात. हिशेबाचा असो की लिहिण्याचा, कोणत्याही कार्यक्रमाला जागा किती, पडदा केव्हा, छपाई केव्हा, हे तीच ठरविते. जॉबर भरतीची दस्तुरी घेई. कित्येकांचे वाण्याशी नि खानावळवाल्याशीही संधान असे. मोक्याच्या जागी बसलेल्याला दस्तुरीचा मोह होतो. यंत्रातल्या जॉबरचेही पुढे तेच झाले.

१९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याची प्रणाली मायक्रोसॉफ्टने पुरविली आणि ती इतर कारखानदारांनाही देण्याचा हक्क स्वतःकडे राखला. त्या हक्काच्या पायावर पुढचे साम्राज्य उभे राहिले. तेव्हाचा व्यवहार सरळ होता: दाम मोजा आणि प्रत घ्या. दाम भारी असे, पण घेणारा निदान गिऱ्हाईक होता. १९९८ साली विंडोज ९८ च्या पडद्यावर ‘चॅनेल बार’ नावाची पट्टी आली. तिच्यावर डिस्नेसारख्या कंपन्यांची नावे होती. ही पुढची चाहूल होती.

मग व्यापाराची दिशाच बदलली. २००० सालापासून गूगलने शोधाच्या पानावर जाहिराती विकून दाखवून दिले की, लोकांना सेवा फुकट देऊन त्यांचे लक्ष विकता येते. २००८ पासून तिचीच अँड्रॉइड प्रणाली फोन बनविणाऱ्यांना विनामूल्य मिळू लागली. शेजारी फुकट वाटप सुरू झाले की दुकानदार दुसरी मिळकत शोधतो. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये सोबत येणाऱ्या काही कार्यक्रमांत जाहिराती दिसू लागल्या. २०१३ च्या ८.१ आवृत्तीत वापरणाऱ्याला जाहिरातींसाठी ओळख-क्रमांक मिळाला. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली आणि ७ व ८.१ च्या बहुतेक धारकांना ती वर्षभर विनामूल्य देण्यात आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये काहींचा कुलूपबंद पडदाच एका खेळाच्या जाहिरातीने व्यापला. २०१७ मध्ये फायली चाळण्याच्या खिडकीत कंपनीच्याच साठवण-सेवेची जाहिरात आली. एप्रिल २०२४ मध्ये विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूत ती आली, ‘शिफारस’ असे गोड नाव घेऊन.

यांतल्या बहुतेक गोष्टी बंद करण्याच्या कळा आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण त्या मुळात चालू असतात, आणि शोधून बंद करण्याचा त्रास आपला असतो.

जाहिरात आपल्याला नवी नाही. ती वर्तमानपत्रात असते, एस.टी.च्या पाठीवर असते. पण काल घरात घेतलेले वर्तमानपत्र आज सकाळी आपण होऊन बदललेले नसते. संगणक बदलतो. विक्री झाल्यावरही त्याची किल्ली विकणाऱ्याच्याच कमरेला राहते. जाहिरात ही त्या दुखण्याची वरवर दिसणारी खूण आहे.

मग किल्ली लोकांच्या हाती असली, तर मोह होत नाही काय? होतो. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. ग्नूच्या कामाशी त्याची सांगड बसली आणि तिच्यातून अनेक शाखा निघाल्या. त्यांतली कॅनॉनिकल कंपनीची उबुंटू विशेष लोकप्रिय. ऑक्टोबर २०१२ च्या तिच्या आवृत्तीत, स्वतःच्या संगणकातला कागद शोधू गेले तरी टाइप केलेले शब्द कंपनीकडे जात आणि उत्तरात ॲमेझॉनचा माल येई. विक्री झाल्यास कंपनीला दलाली. स्टॉलमन यांनी त्याच डिसेंबरात याला उघड हेरगिरी म्हटले.

पुढे काय घडले ते पाहा. आज्ञावली उघडी होती, म्हणून शब्द कोठे जातात ते तपासता आले. एका आज्ञेने तो भाग उपटून टाकता येई, आणि लोकांनी ती आज्ञा एकमेकांना सांगितली. ज्यांना कंपनीच नको झाली, त्यांना मिंटसारख्या दुसऱ्या शाखा मोकळ्या होत्या. एप्रिल २०१६ च्या आवृत्तीत कंपनीने हा शोध मुळातच बंद ठेवला. साडेतीन वर्षे लागली. पण वाटाघाट झाली, कारण दार उघडे होते. मालक सज्जन भेटेल या आशेवर कामगार चळवळ कधी चालली नाही. माणसे बाहेर पडू शकतात, हे मालकाला ठाऊक असावे लागते.

बाहेर पडणे सोपे आहे, असे मात्र मी सांगणार नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. ११ च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट संगणक मागे राहिले आणि त्यांचे मालक लिनक्सकडे पाहू लागले. आमची पत्रके जुळविणाऱ्या छापखानदाराला मी तोच सल्ला दिला. तो म्हणाला, “दादा, माझी बारा वर्षांची जुळणी जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर, सगळे विंडोजवर. मी जाऊ कुठे?” त्याला मी भित्रा म्हणणार नाही. अंगावर कर्ज असलेला कामगार संपात शेवटी उतरतो, हे मी पाहिले आहे.

एकट्याला जे जड जाते ते संस्थांनी करावे. केरळच्या सरकारी शाळांनी मुलांना मुक्त प्रणालीवर शिकविले. फ्रान्सच्या जांदार्मेरी या पोलीसदलाने २००८ पासून उबुंटूवर आधारलेली आपली प्रणाली चालविली. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ साली ३०,००० संगणक मुक्त प्रणालीकडे नेण्याचे जाहीर केले. उलट म्युनिक नगरपालिकेने २००३ साली हीच वाट धरली आणि २०१७ साली माघारी फिरण्याचे ठरविले. तेव्हा जिंकलेली जागा राखावी लागते, हाही धडा घ्यावा.

आपल्या गावच्या वाचनालयाने, पतपेढीने, शाळेने निदान एक संगणक मुक्त प्रणालीवर चालवून पाहावा. आणि मराठी लिहायचे ते युनिकोडमध्ये लिहावे, म्हणजे आपली अक्षरे एका कंपनीच्या दाराशी बांधली जाणार नाहीत. आमच्या छापखानदाराने यंदापासून नवी पत्रके तशी जुळवायला आरंभ केला आहे. जुनी बारा वर्षे अजून तिकडेच अडकलेली आहेत. ती सोडवायला आम्ही युनियनची दोन पोरे रविवारी त्याच्याकडे पाठवतो.