चुटकीच्या मंत्राची मजुरी

जादूगार राजवाडे उभे करतो, राक्षसांना लोळवतो, हे आपण गोष्टींत पुष्कळ वाचलेले असते. पण तो वाण्याची उधारी कशी भागवतो, हे कोणतीच गोष्ट सांगत नाही. हा प्रश्न मन लावून विचारला गेला तो एका खेळात. आणि त्याची उत्तरे गेल्या पन्नास वर्षांत इतक्या वेळा बदलली की त्यांचाच एक लहानसा इतिहास होऊन बसला आहे. मला त्याची गोडी लागली ती घरातल्या पोरांमुळे.

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून तीन पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. एकजण सूत्रधार होतो; बाकीचे योद्धा, पुरोहित, मांत्रिक अशी सोंगे घेतात, काय करणार ते तोंडाने सांगतात, आणि ते साधले की फसले याचा निवाडा फासे करतात. पैसा आणायचा तो भुयारातून, राक्षसांच्या नाकावर टिच्चून. भुयारातून आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळे. गावात मजुरी करून मिळवलेल्या नाण्याला ती पत नव्हती. तेव्हा मांत्रिकाने दुकान थाटावे असे कुणाच्या मनात आले नाही, तर त्यात नवल नाही.

शिवाय मंत्र होता महाग. जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० साली निघालेल्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातून गायगॅक्सने एक कल्पना उचलली होती: मंत्र एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जायचा, पुन्हा हवा तर पोथी उघडून पुन्हा पाठ करायचा. नवशिक्या मांत्रिकाच्या वाट्याला दिवसाला एकच मंत्र. तो धुणे धुण्यात कोण घालवील?

मोठी गंमत अशी की हा गायगॅक्स स्वतः हातावर पोट असलेला माणूस होता. १९७० साली विम्याच्या धंद्यातली नोकरी गेल्यावर त्याने चांभारकाम शिकून घेतले आणि खेळ बाजारात येईपर्यंत लोकांचे जोडे दुरुस्त करून घर चालवले. १९८५ साली ‘अनअर्थ्ड आर्केना’ या त्याच्या पुस्तकात किरकोळ मंत्रांची जी यादी आली, ती वाचताना मला नेहमी त्याच्या त्या टोच्याची आठवण होते. या मंत्रांना त्याने ‘कॅन्ट्रिप’ हा जुना स्कॉटिश शब्द दिला. मी त्यांना चुटकीचे मंत्र म्हणतो. यादी अशी: झाडणे-पुसणे, चकाकी आणणे, वाळवणे, टाका घालणे, गाठ मारणे, मीठ घालणे, गोड करणे, ऊन करणे, गार करणे. वाचकहो, ही जादू आहे की दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली आपल्या घरची कामे? मांत्रिकाचा चेला गुरूच्या घरी राबताना हे मंत्र शिकतो, असा त्यामागचा हिशेब होता. आणि मोठा एक मंत्र सोडला तर त्या जागी असले चार घेता येत.

खरा पेच पडला तो २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. तिने प्रत्येक गोष्टीला भाव लावला. अडाणी मजुराला दिवसाला चांदीचे एक नाणे. चांदीची दहा म्हणजे सोन्याचे एक. आणि नवख्या मांत्रिकाकडून चुटकीचा एक मंत्र करवून घ्यायचा तर सोन्याची पाच नाणी! म्हणजे मजुराची पन्नास दिवसांची कमाई देऊन फुटका घट सांधून घ्यायचा. पोरांनी हे वाचले मात्र, लगेच तोंडी हिशेब सुरू झाले: दिवसाला तीन मंत्र, सोन्याची पंधरा नाणी, वर्षात हवेली. माझे मत विचाराल तर ही सारी गफलत दोन भाव एक मानल्याची आहे. पुस्तकाने लिहिला तो गिऱ्हाइकाने मोजायचा भाव. रोज तीन गिऱ्हाइके दारात उभी राहतील असे त्याने कुठेच म्हटलेले नाही. पाच मोहरांत नवे घट गाडीभर येत असताना जुना सांधायला कोण येणार?

पुढे २००८ सालच्या आवृत्तीत चुटकीचे मंत्र अमर्याद झाले. कितीही वेळा म्हणा, पुसले जात नाहीत. २०१४ च्या नियमांत स्वच्छतेच्या मंत्राला एक डाव लागतो, म्हणजे सहा सेकंद, आणि एक घनफूट आकाराची वस्तू लख्ख होते. तासाला सहाशे वस्तू! पण त्याच पुस्तकाने मंत्रांना ठरलेली मजुरी नाही असेही सांगून टाकले, आणि साहसातून सवड काढून धंदा करणाऱ्याला, मग तो सुतार असो वा मांत्रिक, बेताचे राहणीमान तेवढे देऊ केले. श्रीमंती थाटाचे राहणीमान हवे तर गाणेबजावणे यावे लागते. कलावंताला मांत्रिकाहून वरची पायरी देणारे हे पुस्तक मला त्यामुळेच आवडते.

आमच्या घरी सूत्रधार मीच असतो. गेल्या सुटीत पुतण्याच्या मांत्रिकाने गावात धुलाईचे दुकान काढले. “काका, तासाला सहाशे कपडे!” तो कागदावर आकडे मांडू लागला. धाकटी पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आणि नदीवरच्या परटिणी?” ती संध्याकाळ त्यातच गेली, अजगर बिचारा गुहेत वाट पाहत राहिला. परटिणी भांडायला आल्या, गावच्या पंचांपुढे फिर्याद गेली, आणि निघाले ते असे, की डाग काढणे हे त्या धंद्यातले सर्वांत लहान काम. कपडे घरोघरून आणायचे, कुणाचे कोणते ते लक्षात ठेवायचे, उधारी वसूल करायची, याला मंत्र नाही. शेवटी परटिणींनीच मांत्रिकाला कामावर ठेवला, अडाणी मजुराच्या दराने, रोज चांदीची दोन नाणी. त्याने सहा दिवस काम केले, बारा नाणी कनवटीला लावली आणि सातव्या दिवशी मुकाट्याने भुयाराची वाट धरली.