'स्पॉटिफाय मॉडेल' नावाची गोष्ट

सॉफ्टवेअर टीम्सवर संशोधन करायचं ठरवलंत, की 'स्पॉटिफाय मॉडेल' हे शब्द पहिल्याच महिन्यात कानावर पडतील. ही ॲजाइल मोठ्या कंपनीत राबवायची सिद्ध पद्धत आहे, असं मी सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात बिनधास्त लिहिलं होतं. गाइडनी त्याखाली पेन्सिलीने विचारलं, "मूळ लेख वाचलास?" नव्हता वाचला.

आधी थोडं मागे जाऊ. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्डला १७ जण जमले आणि ॲजाइलचा जाहीरनामा तयार झाला. एकमेकांशी रोज बोलणारी छोटी टीम, हा त्या विचाराचा पाया. पण माणसं वाढली की काय होतं, हे फ्रेडरिक ब्रूक्सने १९७५ मध्येच दाखवलं होतं: ५ जणांत बोलणाऱ्या जोड्या १०, ५० जणांत १२२५! मग तीसेक टीम्सचं काय करायचं?

ऑक्टोबर २०१२ मध्ये हेन्रिक क्नीबर्ग आणि अँडर्स इव्हार्सन यांनी स्पॉटिफायबद्दल एक छोटा लेख प्रसिद्ध केला. छोटी टीम म्हणजे स्क्वॉड. एकाच क्षेत्रातल्या स्क्वॉड्सची मिळून ट्राइब, तीही शंभराच्या आत. ट्राइबमधल्या एकाच कौशल्याच्या लोकांचं चॅप्टर आणि कंपनीभर पसरलेलं, ज्याला आवड असेल त्याने यावं असं गिल्ड.

ही नावं सगळ्यांना पाठ असतात. मला मात्र लेखातला वेगळाच भाग महत्त्वाचा वाटतो. तुमचं काम कुठल्या स्क्वॉडवर अवलंबून आहे, त्यामुळे ते अडतं की नुसतं रेंगाळतं, हे प्रत्येक स्क्वॉडला ठरावीक काळाने विचारलं जाई. जिथे अडतं तिथे कामाचा क्रम बदला, रचना बदला किंवा तांत्रिक तोडगा काढा. म्हणजे रचना हे उत्तर नव्हतंच. ती सतत तपासून बदलायची गोष्ट होती. ही फक्त आजची स्थिती आहे आणि तुम्ही वाचेपर्यंत ती बदललेली असेल, असं लेखकांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

तरीही नावं तेवढी उचलली गेली. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या आयएनजी बँकेने स्क्वॉड आणि ट्राइबची रचना स्वीकारली. मग सल्लागारांच्या स्लाइड्समध्ये तो तक्ता कायमचा जाऊन बसला. २०२० मध्ये स्पॉटिफायमध्ये काम केलेल्या जेरेमाया ली यांनी लिहिलं, की हे मॉडेल खुद्द तिथेच कधी पूर्णपणे राबवलं गेलं नव्हतं. (हीसुद्धा एका माणसाची साक्ष आहे बरं का, तीही तपासूनच वापरा.)

माझ्या सिनॉप्सिसमध्ये आता 'सिद्ध पद्धत' हे शब्द नाहीत. तिथे 'एका कंपनीचं २०१२ मधलं वर्णन' असं आहे. गाइडनी यावेळी पेन्सिल उचलली नाही, पुढच्या पानावर मात्र तीन ठिकाणी खुणा केल्यात.