शालाँ, ॲल्फ्रेड एडवर्ड
(१५ फेब्रुवारी १७८०–३ ऑक्टोबर १८६०). जिनीव्हा येथे जन्मलेला इंग्लंडमधील व्यक्तिचित्रकार. १८१६ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीचा सदस्य. व्हिक्टोरिया राणीचे त्याने १८३७ मध्ये काढलेले चित्र पुढे कॅनडा, न्यूझीलंड इ. वसाहतींच्या टपालतिकिटांवर आले. मागणीबरहुकूम रंगवलेल्या व्यक्तिचित्रांत त्याने चेहरे खुलवले; ऑपेरागायकांच्या अर्कचित्रांत मात्र त्यांची मनमुराद फिरकी घेतली. तान घेताना वासलेला जबडा, पसरलेले हात, डोक्यावरचे पिसांचे तुरे व अवाढव्य देह ही या चित्रांची लक्षणे. शाईच्या चपळ रेषेवर जलरंगाचा पातळ हात फिरवल्याने रंगमंचावरील क्षण ताजा राहतो. यांतील बरीच चित्रे लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहेत.