क्रांतिसिंह नाना पाटील : भूमिगत ते खासदार

मी भिलाईहून बोलतोय. इथे गनिमी लढ्याचं नाव काढलं की मन थेट बस्तरच्या जंगलात जातं. हत्यार उचललेला माणूस पुन्हा लोकांपुढे मत मागायला उभा राहू शकतो का, हा प्रश्न आमच्याकडे नुसता पुस्तकातला नाही. म्हणून आज क्रांतिसिंह नाना पाटलांबद्दल बोलू.

नानांचा जन्म १९०० सालचा, गाव वाळवा तालुक्यातलं येडेमच्छिंद्र. तलाठ्याची सरकारी नोकरी त्यांनी १९३० च्या कायदेभंगात सोडली. १९४२ नंतर ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं. त्यांच्यासोबत जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर अशी माणसं होती. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे लुटली गेली. ते सगळे प्रसंग आपण ऐकलेले असतात.

मला महत्त्वाची वाटतात ती न्यायदान मंडळं. जमिनीचे तंटे, सावकाराची जाचणूक, बायकांवरचे अत्याचार यांचा निवाडा गावातच होई. कमी खर्चाची लग्नं लावली जात. शिक्षा मात्र कडक होत्या. तळपायांवर काठ्या बसत. पायाला पत्रे ठोकतात असा बोलबाला होता, म्हणून लोक 'पत्री सरकार' म्हणत. ही बाजू झाकून नानांचा गौरव करणं मला पटत नाही. अपील नसलेला न्याय चुकला, तर दाद कुठे मागायची?

१९४६ साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं उठली आणि नाना उघड्यावर आले. पुढे शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष. १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, ते साताऱ्यातून लोकसभेवर गेले. ज्या मुलखानं त्यांना लपवलं, त्यानंच निवडून दिलं. यात नवल नाही.

नवल आहे ते १९६७ चं. त्या वर्षी ते बीडमधून निवडून आले. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. तिथे ना प्रतिसरकार होतं, ना त्याचा धाक. तिथल्या शेतकऱ्यानं मत दिलं ते समोर उभ्या असलेल्या उमेदवाराला.

६ डिसेंबर १९७६ ला नाना गेले. माझ्या मते त्यांचं खरं धाडस रेल्वे लुटीपेक्षा या दुसऱ्या आयुष्यात दिसतं. एकेकाळी ज्याच्या मंडळांचा निवाडा शेवटचा असे, तो माणूस स्वतः लोकांच्या निवाड्यापुढे उभा राहिला.