सशाचे कोफ्ते, वेलवांगी आणि वाई

वाईला जाणारा आमचा वसईकर वाचक एकदा तरी मेणवलीच्या घाटावर जातोच. नाना फडणिसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या काठी, मेणेश्वराच्या देवळापाशी जी मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती व १७०७ हे साल आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर ती सह्याद्री चढून इकडे आली. रणधुमाळीत आलेल्या वस्तूंचा इतिहास कोणीतरी लिहून ठेवतो. शिध्याच्या पिशवीतून आलेल्या वस्तूंना मात्र बखरकार लाभत नाही. म्हणून घंटेला नमस्कार करून आज आम्ही एका कालवणाविषयी लिहीत आहोत.

वाईतील आमच्या घरी सणाच्या दुपारी पाळीव सशाच्या खिम्याचे गोळे टोमॅटोच्या रश्श्यात शिजतात. शेजाऱ्यांशी आमचा घरोबा जुना, परंतु हे पातेले चुलीवर असले की शेजारच्या काकूंचे एक वाक्य ठरलेले असते, "तुमच्या धर्मात चालतं हो, आमच्यात नाही." त्यात आकस नसतो. आम्हीही कित्येक वर्षे हसून मान डोलावीत आलो. पुढे वाचनाच्या ओघात ध्यानात आले की, ग्रंथांची साक्ष नेमकी उलट आहे.

जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात ससा स्पष्टपणे अशुद्ध ठरविलेला आहे. तो रवंथ करतो, पण त्याचे खूर दुभंगलेले नाहीत, हे कारण. (ससा खरोखर रवंथ करीत नाही, स्वतःची मऊ लेंडी पुन्हा खाऊन तो चारा दुसऱ्यांदा पचवितो. तोंड मात्र सतत हलत असते.) याउलट मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पंचनखी प्राण्यांपैकी जे थोडे भक्ष्य सांगितले आहेत, त्यांत ससा आहे. तिसऱ्या अध्यायात तर श्राद्धात सशाचे मांस अर्पण केल्यास पितर अकरा महिने तृप्त राहतात, असा हिशेबच दिला आहे. वाल्मीकी रामायणातील मरणोन्मुख वालीही श्रीरामाला दूषण देताना याच पंचनखी नियमाचा आधार घेतो: खाण्यास योग्य असे पाच आहेत, वानर त्यांत बसत नाही, मग मला का मारलेस? हे सारे आम्ही ज्या वाईत बसून लिहितो, तेथेच प्राज्ञपाठशाळेत धर्मकोशाचे प्रचंड काम झाले, याची आम्हांस जाणीव आहे. श्राद्धातील मांस पुढे कलिवर्ज्यांत गेले आणि जुनी अनुज्ञा पोथीतच राहिली. आमच्याकडे घडले ते नेमके विरुद्ध. यापो येथे गच्चीवर प्रार्थना करणाऱ्या पेत्राला सर्व प्रकारच्या प्राण्यांनी भरलेल्या चादरीचा दृष्टान्त झाला, आणि जुना निषेध आमच्या चुलीवरून उतरला. पेत्र पहिल्यांदा नकोच म्हणाला होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

येथेच एका लोकप्रिय दंतकथेचा निकाल लावावयास हवा. पोप ग्रेगरी यांनी सशाची नवजात पिले मासे ठरविली, उपवासकाळात ती चालत, म्हणून मठवासीयांनी ससा माणसाळविला, असे अनेक पुस्तकांत छापलेले आढळते. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हे मूळ शोधले तेव्हा पोपांचा असा आदेशच सापडला नाही. सहाव्या शतकातील टूर्सचे बिशप ग्रेगरी यांनी उपवासकाळात सशाची पिले खाणाऱ्या एका इसमाची हकिकत तेवढी लिहिली होती, तीही कौतुकाने नव्हे. एका ग्रेगरीचे दुसऱ्याच्या नावावर गेले.

मराठीत ससा हा एकच शब्द. प्राणी मात्र दोन. आमच्या माळरानावरचा ससा बीळ करीत नाही, त्याची पिले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात. पाळीव ससा मूळ आयबेरियाचा. तो बिळात राहतो, त्याची पिले आंधळी व उघडी असतात. फिनिशियनांनी या सशांना आपल्याकडील शाफान समजून त्या भूमीला जे नाव दिले, त्यावरून हिस्पानिया झाले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. पूर्वी घाटमाथ्यावर वागूर लावून रानससे धरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. आज आमच्या पातेल्यात पडतो तो हिस्पानियाचाच.

गोळ्याची कुळकथा आणखी रंजक आहे. कोफ्ता हा शब्द फारसीतील कुटणे या अर्थाच्या धातूपासून आला. पोर्तुगीज त्यालाच अल्मोंदेगा म्हणतात. तो अरबी 'अल्-बुंदुका'चा, म्हणजे गोळीचा, अवतार. एक शब्द दख्खनच्या सुलतानी मुदपाकखान्यांतून आला, दुसरा समुद्रावरून. १६५९ मध्ये वाईला तळ देणारा अफजलखान पूर्वी येथलाच सुभेदार होता. आदिलशाहीचे पाणी या गावाने पुष्कळ काळ प्यालेले आहे, त्यामुळे आमच्या घरी कोफ्ता हाच शब्द रुळला, यात नवल नाही.

टोमॅटो मात्र उशिरा आला. मूळचा अमेरिकेचा, सोळाव्या शतकात स्पेनमार्गे युरोपात पोहोचलेला. नेपल्स येथे १६९० च्या दशकात छापलेल्या अंतोनियो लातिनी यांच्या पाकग्रंथात टोमॅटोचे तोंडीलावणे 'स्पॅनिश पद्धतीचे' म्हणून नोंदलेले आहे. आपल्याकडे बटाटा, पाव, काजू, अननस ही नावे पोर्तुगिजांकडून आली. टोमॅटोचे नाव इंग्रजीतून आले. त्यापूर्वी मराठीने त्याला वेलवांगे म्हणून पाहिले, आणि वनस्पतिशास्त्रही त्याला वांग्याच्याच कुळात बसविते. १८२९ नंतर महाबळेश्वरी गोऱ्या साहेबांच्या ताटासाठी विलायती भाज्या पिकू लागल्या. तेथील तुरुंगातील चिनी कैद्यांचा त्यांत मोठा वाटा होता. टोमॅटो त्याच वाटेने पसरणीचा घाट उतरून वाईच्या बाजारात आला असावा, असा आमचा तर्क आहे.

आता चुलीकडे. सशाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, म्हणून नुसत्या खिम्याचे गोळे कोरडे होऊन फुटतात. दुधात भिजवून पिळलेला पाव, एक अंडे, बारीक कांदा, लसूण, मिरे, कोथिंबीर आणि चमचाभर लोणी घालून खिमा मळावा, अर्धा तास गार ठेवावा, मग लिंबाएवढे गोळे वळून तेलात वरवर परतावे. टोमॅटो उकळत्या पाण्यात बुडवून सोलावे व कांद्यावर तेल सुटेपर्यंत शिजवावे. फार आंबट असल्यास गुळाचा खडा. पितळी पातेले असेल तर कल्हई ताजी हवी, नाहीतर आंबटपणा धातूला खातो. गोळे सोडल्यावर मंद आचेवर अर्धा तास. डाव फिरवू नये, पातेलेच हलवावे.

गेल्या नाताळात आम्ही काकूंना मनूचा तो हिशेब सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, "अकरा महिने?" असे दोनदा विचारले, आणि गोळे सोडण्यापूर्वीचा रस्सा वाटीभर घरी नेला.