लिथियम कुठे ठेवायचे? बॅटरीच्या इलेक्ट्रोड पदार्थांचा इतिहास

तुमच्या मोबाइलच्या लिथियम-आयन बॅटरीत लिथियम असते, पण धातूच्या रूपात नसते. धातू म्हणून वापरले तर एक ग्रॅम लिथियम सुमारे ३,८६० मिलिअँपिअर-तास विद्युतभार देऊ शकते. आज ॲनोडसाठी वापरल्या जाणाऱ्या ग्रॅफाइटची कमाल क्षमता ३७२ आहे. दहापट सरस पदार्थ हाताशी असताना तो का सोडला? याचे उत्तर इतिहासात सापडते.

१९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेतील एक्सॉन कंपनीत टायटॅनियम डायसल्फाइडचा कॅथोड वापरून पाहिला. या पदार्थाची रचना वहीच्या पानांसारखी थरांची असते. लिथियमचे आयन पानांमध्ये शिरतात, बाहेर येतात आणि वही शाबूत राहते. यालाच इंटरकॅलेशन म्हणतात. घटाला दोन व्होल्टपेक्षा थोडे जास्त विभवांतर मिळाले. ॲनोड मात्र लिथियम धातूचा होता. चार्जिंगच्या वेळी धातू सपाट न बसता सुयांसारखा वाढतो. अशी सुई, म्हणजे डेंड्राइट, सेपरेटर भेदून कॅथोडला टेकली की शॉर्टसर्किट होते आणि आग लागू शकते.

पुढची पायरी ऑक्सफर्डची. सल्फाइडऐवजी ऑक्साइड घेतले तर विभवांतर वाढेल, असा जॉन गुडइनफ यांचा तर्क होता. १९८० मध्ये त्यांनी कोइची मिझुशिमा व इतर सहकाऱ्यांसह लिथियम कोबाल्ट ऑक्साइड मांडले आणि सुमारे चार व्होल्ट मिळाले. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: या कॅथोडमध्ये लिथियम मुळातच असते. म्हणजे घट डिस्चार्ज अवस्थेतच जोडता येतो आणि ॲनोडला धातूची गरज उरत नाही. जपानमध्ये असाही कासेई कंपनीतील अकिरा योशिनो यांनी ही संधी हेरली. १९८५ मध्ये त्यांनी या कॅथोडसमोर पेट्रोलियम कोक हा कार्बन ठेवला. १९९१ मध्ये सोनीने अशी बॅटरी बाजारात आणली. ग्रॅफाइट नंतर आले, कारण त्या काळी प्रचलित असलेल्या प्रोपिलीन कार्बोनेट या द्रावकात त्याचे थर सुटून येत. इथिलीन कार्बोनेटमध्ये मात्र त्यावर संरक्षक पापुद्रा बसतो. इलेक्ट्रोडची निवड इलेक्ट्रोलाइटला सोडून करता येत नाही, हे यातून शिकावे.

कोबाल्ट महाग आहे. शिवाय चार्ज झालेले हे ऑक्साइड तापले की ऑक्सिजन सोडते आणि आगीला हातभार लागतो. यावर उपाय टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील प्रयोगशाळेत निघाला. आयआयटी मद्रासमधून पीएच.डी. केलेले अरुमुगम मंथिराम यांनी गुडइनफ यांच्यासह १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले की लोहाच्या संयुगात सल्फेटसारखा गट असला तर विभवांतर वाढते. १९९७ मध्ये अक्षय पाधी, के. एस. नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथियम लोह फॉस्फेट पुढे आणले. विभवांतर सुमारे ३.४ व्होल्ट, म्हणजे कमी. पण फॉस्फरस ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो आणि लोह स्वस्त असते. वीजवहन फार मंद होते, ते कणांवर कार्बनचा लेप देऊन सुधारले. आज विजेवरच्या अनेक बस-गाड्यांत हाच कॅथोड असतो.

२०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळाले. गुडइनफ यांच्या वतीने नोबेल व्याख्यान मंथिराम यांनी दिले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे या. लिथियम धातू सोडला तो क्षमता कमी म्हणून नव्हे. हजारो वेळा चार्ज करूनही माणूस सुरक्षित राहावा म्हणून. घन इलेक्ट्रोलाइटवर काम करणारे संशोधक आज पुन्हा त्याच धातूकडे वळले आहेत. डेंड्राइटचा प्रश्न त्यांच्याही समोर आहे.

स्वाध्याय: एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार २६,८०१ मिलिअँपिअर-तास असतो. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड (सूत्रभार ९७.९) आणि लिथियम लोह फॉस्फेट (१५७.८) यांची प्रति ग्रॅम कमाल क्षमता काढा. मग पहिल्यातील साधारण निम्मेच लिथियम वापरता येते हे धरून पुन्हा तुलना करा. कोणता पदार्थ पुढे गेला?